मनोव्यथा आणि मद्यपान

शालान्त परीक्षा उतरून विद्यार्थी परगांवच्या महाविद्यालयांत जातो, तेव्हां त्याच्या आयुष्यांतून दोन गोष्टी एकदम दूर होतात : एक घरचा धाक व दुसरा घरचा आधार. धाक दूर झाल्याचा आनंद त्याला पहिल्याच दिवशीं कळतो. आधार दूर झाल्याचें दुःख मागाहून, बहुधा रात्रीं वसतिगृहाच्या खोलींत एकट्यानें पडल्यावर, कळूं लागतें. पुष्कळांचें हें दुःख महिनापंधरा दिवसांत ओसरतें. कित्येकांचें मात्र ओसरत नाहीं, तें वाढतें, झोंप उडते, पुस्तकांत मन लागत नाहीं, आणि नेमक्या अशा वेळीं एखादा सोबती पेला पुढें करून म्हणतो, "घे रे, सगळें विसरशील." अशा विद्यार्थ्याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मद्यपान वाईट, हें वाक्य आमचे विद्यार्थिमित्र अगदीं लहानपणापासून ऐकत आले आहेत. तें खरें आहे. परंतु ज्याचें मन आधींच दुखावलेलें आहे त्याला तेवढें वाक्य पुरें पडत नाहीं. कारण मद्य वाईट हें ठाऊक असूनच तो तें घेतो. मद्यानें सर्वांचीच हानि होते. पण मनानें खचलेल्या विद्यार्थ्याची ती अधिक कां होते, आणि ती टाळण्याचे कोणते मार्ग अनुभवास उतरले आहेत, हें समजून घेणें विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सारखेंच अगत्याचें आहे.

प्रथम मद्याचा गुणधर्म पाहूं. बिअर, वाइन, व्हिस्की, फेणी, देशी दारू हीं नांवें निरनिराळीं असलीं तरी त्यांतील मादक द्रव्य एकच, तें म्हणजे मद्यार्क. मद्यार्कानें हुशारी येते असा समज आहे. वस्तुतः तो मेंदूचें काम मंद करणारा पदार्थ आहे. सर्वांआधीं मंद होतो तो विवेक. विवेकाचा लगाम सुटला म्हणजे माणूस बोलका व धीट दिसूं लागतो, आणि त्यालाच आपण हुशारी म्हणतों. पोटांत गेलेला मद्यार्क यकृत आपल्या ठराविक वेगानें, ताशीं सुमारें एका लहान पेल्याइतका, नाहींसा करतें. कडक कॉफीनें किंवा थंड पाण्याच्या स्नानानें हा वेग वाढत नाहीं. काळ हाच त्यावर एक उतारा. १९८८ सालीं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनें मद्यपेयांची गणना कर्करोगास कारण होणाऱ्या पदार्थांत केली. आणि २०२३ च्या जानेवारींत जागतिक आरोग्य संघटनेनें, पूर्णपणें निर्धोक असें मद्याचें कोणतेंही प्रमाण नाहीं, असें स्पष्ट बजावलें. शिवाय मनुष्याच्या मेंदूची वाढ विशी उलटल्यावरही कांहीं वर्षें चालू असते. तेव्हां कोवळ्या वयांतील मद्य हें अर्धवट बांधलेल्या भिंतीवर पाणी ओतण्यासारखें आहे.

आतां मनाकडे वळूं. मनाची व्यथा म्हणजे वेड नव्हे, आणि ती स्वभावाची दुर्बलताही नव्हे. शरीराला जसा ताप येतो तशी मनाला खिन्नता किंवा चिंता ग्रासते. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन रोज उदास राहणें, पूर्वीं आवडणाऱ्या गोष्टींत गोडी न वाटणें, उगाच छाती धडधडणें, चार माणसांत जाण्याची धास्ती वाटणें, झोंप व भूक बिघडणें, आपण कोणाच्याही उपयोगाचे नाहीं असें वाटणें, हीं तिचीं ठळक लक्षणें होत. योग्य उपचारानें ती बरी होते किंवा पुष्कळ कमी होते. पण आपल्याकडे तापाची गोष्ट चारचौघांत सांगतात आणि मनाची गोष्ट लपवितात. जें लपवावें लागतें त्यावर औषधही लपूनच घेतलें जातें, व असें लपून घेण्याचें अतिसुलभ औषध म्हणजे दारू.

ह्या विषयाचा विस्तृत अभ्यास अमेरिकेंत झाला आहे, कारण तेथील महाविद्यालयांत हा प्रश्न फार मोठा आहे. १९८४ च्या एका कायद्यानें तेथील राज्यांस मद्य विकत घेण्यासाठीं २१ वर्षांची वयोमर्यादा घालणें भाग पाडलें. तरी अठराव्या वर्षीं घर सोडून आलेल्या मुलांच्या हातीं तें पोंचतेंच. १९९३ सालीं हार्वर्ड विद्यापीठाचे संशोधक हेन्री वेक्स्लर यांनीं १४० महाविद्यालयांतील सतरा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची पाहणी केली. गेल्या दोन आठवड्यांत एकाच बैठकींत मुलानें पांच किंवा अधिक, व मुलीनें चार किंवा अधिक, पेले घेणें ही त्यांनीं अतिपानाची कसोटी ठरविली. शेंकडा ४४ विद्यार्थी ह्या कसोटींत सांपडले.

परंतु हे सगळे एकाच कारणानें पीत नव्हते. लिन कूपर ह्या विदुषीनें १९९४ सालीं तरुणांच्या पिण्याचे चार हेतु वेगळे करून दाखविले : मित्रमंडळींत रंग भरावा म्हणून, स्वतःला मौज वाटावी म्हणून, इतरांनीं आपल्याला वेगळें पाडूं नये म्हणून, आणि दुःख किंवा चिंता विसरावी म्हणून. ह्यांपैकीं चौथा हेतु विशेष घातक ठरतो. खिन्न विद्यार्थी इतरांहून नेहमीं जास्तच पितो असें नाहीं. पण जवळजवळ तितकेंच प्यालेल्या दोघांपैकीं ज्याचें मन दुखावलेलें आहे त्याच्या वांट्याला भांडणें, अपघात, बुडालेले तास व पश्चात्ताप अधिक येतो, असें अनेक पाहण्यांतून आढळलें आहे.

असें कां व्हावें? पहिलें कारण असें कीं, मद्य दुःख नाहींसें करीत नाहीं. तें उसनें घेतलेलें स्वास्थ्य असतें. मद्यानें मेंदू मंद झाला म्हणजे मेंदू आपल्या परीनें उलट जोर करतो. मद्य उतरल्यावर हा जोर मागें राहतो, व दुसऱ्या दिवशीं चिंता पूर्वींहून तीव्र होऊन परत येते. ती शमविण्यास पुन्हां पेला हवासा वाटतो. दुसरें कारण झोंपेचें. मद्यानें डोळा लौकर लागतो हें खरें. पण उत्तररात्रीं झोंप वारंवार मोडते, आणि झोंपेवांचून खिन्न मनाला उतार पडत नाहीं. तिसरें कारण औषधांचें. झोंपेच्या व चिंतेच्या कित्येक गोळ्या मद्याबरोबर घेतल्यास श्वास मंदावून प्राणावर बेततें. चौथें कारण सर्वांत गंभीर आहे. निराश मनाला जो अविचार एरव्हीं शिवून निघून जातो, तो विवेक सुटलेल्या घटकेला हातून घडण्याचा संभव असतो. आणि पांचवें कारण असें कीं, ज्यानें प्रत्येक दुःखावर पेलाच हाच उपाय शिकून ठेवला त्याला दुसरे उपाय शिकण्याची संधीच मिळत नाहीं.

रोगाचें स्वरूप कळलें, आतां उपाय पाहूं. पूर्वीं भीति घालणें व व्याख्यान देणें हाच उपाय सर्वत्र होता. पण व्याख्यान ऐकून विद्यार्थ्याचें ज्ञान वाढतें, वर्तन सहसा बदलत नाहीं, असें आढळून आलें. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सिॲटल येथें वॉशिंग्टन विद्यापीठ आहे. तेथील मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लट (१९४१–२०११) यांनीं दुसरी वाट धरली. त्यांनीं आपल्या विभागांत एक खोली हुबेहूब मद्यगृहासारखी सजविली होती. तेथें तरुणांना मद्य म्हणून असें पेय देत कीं, ज्यांत मद्यार्काचा थेंबही नसे. तरी थोड्याच वेळांत ती मंडळी मोठमोठ्यानें हंसूं लागे, गप्पांना ऊत येई. नंतर खरी गोष्ट सांगितली म्हणजे त्यांस आश्चर्य वाटे. ह्यावरून त्यांस उमगे कीं, ज्या रंगाचें श्रेय आपण दारूला देतों त्यांतला पुष्कळसा आपल्या समजुतीचा व सोबतीचा असतो.

मार्लट व त्यांचे सहकारी यांनीं तयार केलेली पद्धति 'बेसिक्स' ह्या नांवानें प्रसिद्ध आहे; तिचें पुस्तक १९९९ सालीं निघालें. तिच्यांत विद्यार्थ्याला आधीं कांहीं प्रश्न लिहून देतात : आठवड्यांत किती वेळां पितां, किती पितां, कां पितां, त्यापायीं काय काय घडलें. मग एक समुपदेशक त्याच्यासमोर बसून त्याच्याच उत्तरांचा आरसा त्याच्यापुढें धरतो. 'तूं वाईट आहेस' असें तो म्हणत नाहीं; 'तूं लिहिलेंस तें हें असें दिसतें, तुला स्वतःला काय वाटतें?' असें विचारतो. विल्यम मिलर यांनीं १९८३ सालीं मांडलेलें तत्त्व असें कीं, बदलण्याचें कारण माणसाच्या स्वतःच्या तोंडून निघालें तर तें टिकतें. दुसऱ्यानें लादलें तर तो त्याविरुद्ध वाद घालीत बसतो. मार्लट यांनीं १९९८ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासांत, शाळेंत असतांनाच ज्यांचें पिणें धोक्याचें दिसलें होतें अशा ३४८ विद्यार्थ्यांचे, निवड न करतां, दोन गट पाडले होते. एका गटास महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षीं अशी भेट मिळाली, दुसऱ्यास नाहीं. दोन वर्षांनीं पाहतां पहिल्या गटांतील पिणें व त्यापासून होणारी हानि, दोन्हीं दुसऱ्याहून कमी होतीं. एका शांत संभाषणाचा एवढा परिणाम व्हावा, ही गोष्ट मनन करण्यासारखी आहे.

ह्या आरशांत विद्यार्थ्याला आणखी एक गोष्ट दिसते. १९८६ सालीं पर्किन्स व बर्कोविट्झ ह्या दोन संशोधकांनीं न्यूयॉर्क राज्यांतील एका महाविद्यालयाच्या अभ्यासावरून दाखविलें कीं, आपले सोबती किती पितात ह्याविषयींचा विद्यार्थ्यांचा अंदाज खऱ्याहून फार मोठा असतो. गोंगाट करणारे दहा जण सर्वांच्या नजरेंत भरतात. खोलींत वाचीत बसलेले पन्नास कोणाला दिसत नाहींत. मग 'सगळेच पितात' असा भ्रम होतो, आणि एकटा पडण्याच्या भयानें भित्रा मुलगा त्या नसलेल्या 'सगळ्यांच्या' मागें जातो. खरी संख्या कळली कीं हें भय पुष्कळ कमी होतें.

जे पिणें सोडावयास अजून तयार नाहींत त्यांच्यासाठीं कांहीं साधीं बंधनें सांगितलेलीं आहेत : रिकाम्या पोटीं न घेणें, किती घ्यावयाचें तें आधींच ठरविणें, दोन पेल्यांच्या मध्यें पाणी पिणें, पैजा लावून न पिणें, विश्वासू मित्राबरोबर जाणें व त्याच्याबरोबरच परतणें, आणि कांहीं झालें तरी वाहन न चालविणें. लॉस एंजलिस येथील लोयोला मेरीमाउंट विद्यापीठाच्या संशोधकांस असें आढळलें कीं, ज्यांची मनःस्थिति खालावलेली आहे त्यांना ह्या बंधनांचा उपयोग इतरांहूनही अधिक होतो. आमच्या मतें ह्यांत आश्चर्य नाहीं. ज्याचें मन ढासळलेलें असतें त्याला आयत्या वेळीं निश्चय करतां येत नाहीं, म्हणून आधीं केलेला निश्चय त्याच्या कामीं येतो.

पण बंधन म्हणजे नुसती काढून घेण्याची गोष्ट झाली. काढलें त्या जागीं कांहीं ठेवावेंही लागतें. मेम्फिस विद्यापीठाच्या जेम्स मर्फी यांनीं २०१२ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत, वरील संभाषणाला आणखी एका भेटीची जोड दिली. त्या भेटींत मद्याचा विषय थोडा, आणि विद्यार्थ्याला पुढें काय व्हावयाचें आहे, त्यासाठीं रोजचा वेळ कसा घालवावा, मद्यावांचून आनंद देणारीं कोणतीं कामें त्याला जवळ करतां येतील, ह्याचाच विचार अधिक. ह्या जोडीचा लाभ खिन्न विद्यार्थ्यांस विशेष झाला. खेळ, गायन, भटकंती, सेवा हीं रिकामटेकड्यांचीं कामें नव्हत. खिन्न मनाला तीं औषधाच्या ठिकाणीं आहेत.

हें सर्व परदेशांतील झालें. तें आपल्याकडे लागू पडेल काय, अशी शंका कोणी घेईल. गोव्यांत १९९६ सालीं स्थापन झालेल्या 'संगाथ' ह्या संस्थेनें त्याचें कांहींसें उत्तर दिलें आहे. तेथील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, घातक प्रमाणांत पिणाऱ्या पुरुषांवर केलेला प्रयोग २०१७ सालीं 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकांत छापून आला. संभाषण करणारे समुपदेशक डॉक्टर नव्हते. साध्या माणसांनाच शिकवून तयार केलें होतें, आणि भेटी फार तर चार. तीन महिन्यांनीं ज्यांना ह्या भेटी मिळाल्या त्यांच्यांतील शेंकडा ३६ जणांचें पिणें धोक्याच्या रेषेखालीं आलें होतें. इतरांत तें प्रमाण शेंकडा २६ होतें. मागील चौदा दिवस थेंबही न घेतलेले पहिल्या गटांत शेंकडा ४२ व दुसऱ्यांत १८ होते. हे लोक विद्यार्थी नव्हते हें खरें. पण शांतपणें विचारणें व शांतपणें ऐकून घेणें ह्यांचें बळ कोंकणच्या भूमींतही तितकेंच आहे, हें ह्यावरून कळतें. ज्यांचें व्यसन पुरतें जडलें आहे त्यांच्यासाठीं पुण्यांत १९८६ पासून 'मुक्तांगण' ही संस्था काम करीत आहे. मात्र रोज भरपूर पिणाऱ्यानें एकाएकीं आपल्या मनानें सोडूं नये. त्यामुळें झटके येऊन जीव धोक्यांत पडतो. त्यासाठीं डॉक्टरांचें साह्य अवश्य घ्यावें.

येथें कोणी आक्षेप घेईल कीं, कमी प्या असें सांगणें म्हणजे प्यावयास परवानगी देणेंच होय. आमचा अभिप्राय तसा नाहीं. शाळेंतील मुलामुलींसाठीं नियम एकच, तो म्हणजे शिवूं नये. महाराष्ट्रांतील नियमांप्रमाणें बिअर व वाइन यांसाठीं २१ व इतर दारूसाठीं २५ वर्षें पूर्ण व्हावीं लागतात. गोव्यांत ही मर्यादा १८ वर्षांची आहे. ज्याला मनाच्या आजाराचीं औषधें चालू आहेत त्यानें, वय कांहींही असो, मद्य वर्ज्यच करणें उत्तम. परंतु जो आधींच घसरला आहे त्याला 'तळाशीं जा, नाहीं तर एकदम माथ्यावर ये' असें म्हणणें माणुसकीचें नाहीं. त्याला एकेक पायरी चढूं द्यावी, व प्रत्येक पायरीवर हात द्यावा.

आतां पालकांस चार शब्द. अमेरिकेंत रॉब टुरिसी ह्या संशोधकानें, मुलगा महाविद्यालयांत जाण्यापूर्वींच्या सुटींत पालकांनीं त्याच्याशीं कसें बोलावें ह्याची एक पुस्तिका तयार केली. ज्या घरांत असें बोलणें झालें त्या घरांतील मुलांचें पिणें पुढें कमी आढळलें. तेव्हां हें बोलणें संकट आल्यावर करण्याचें नव्हे, आधीं करण्याचें आहे. मुलगा किंवा मुलगी सुटींत घरीं आली म्हणजे केवळ गुणांची चौकशी करूं नये. "बाळा, तिकडे झोंप लागते ना? जीव लावणारें कोणी आहे का?" असें आईनें विचारावें. वडिलांनीं सांगावें, "तुझ्या हातून चूक झाली तरी मला पहिल्यांदा फोन कर. रागावण्याचें मग पाहूं, आधीं मी येईन." पैसे लौकर संपणें, फोन टाळणें, दिवसा झोंपणें, जुने मित्र तुटणें, हीं चिन्हें दिसल्यास 'लोक काय म्हणतील' हा विचार बाजूस ठेवून डॉक्टरांकडे जावें. भारत सरकारची 'टेली-मानस' ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ ह्या क्रमांकावर दिवसरात्र केव्हांही, विनामूल्य, मराठींतही बोलतां येतें.

शेवटीं विद्यार्थिमित्रांस एक कर्तव्य सांगावयाचें आहे. तुमचा सोबती पिऊन निश्चेष्ट पडला, हांक मारल्यास ओ देईना, श्वास अडखळूं लागला, तर 'झोंपेल व उतरेल' असें म्हणून त्याला एकटें सोडूं नका. त्याला कुशीवर निजवा, म्हणजे ओकारी झाल्यास ती घशांत अडकून जीव गुदमरणार नाहीं. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा, आणि ती येईपर्यंत जवळ बसा. कोणी जिवाचें बरेंवाईट करण्याची भाषा काढली तर ती थट्टा समजूं नका. त्याच्याजवळ थांबा व वडील माणसास कळवा. ही चहाडी नव्हे, हेंच खरें मित्रकर्तव्य होय. आपण शिक्षा भोगूं ह्या भयानें मित्राचा जीव गमावणें ह्यासारखें दुसरें दुःख नाहीं.

तात्पर्य इतकेंच कीं, मनाच्या व्यथेवर मद्य हा उपाय नसून तिच्यांत पडलेली ती दुसरी भर आहे. आणि जो ह्या दुहेरी संकटांत सांपडला त्याला निंदेनें नव्हे, तर सत्य समोर मांडल्यानें, छोट्या निश्चयांनीं, मन रमविणाऱ्या कामानें व मूळ व्यथेच्या उपचारानें बाहेर काढतां येतें. ज्याच्या हातीं पेला दिसेल त्याला 'किती घेतलीस?' असें विचारण्यापूर्वीं 'तुला काय दुखतें आहे?' असें विचारण्याची संवय आमच्या शाळेंतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलामुलीस लागो, एवढी इच्छा प्रकट करून हा लेख पुरा करतों.